यंत्राला प्रेक्षक लागतात

मेकॅनिक : चालू आहे की, काकू.

काकू : आत्ता चालू आहे.

मेकॅनिक : मी आल्यापासून चालू आहे. इथे जाळीपाशी हात धरून बघा, गरम हवा येतेय.

काकू : तू आलीस म्हणूनच येतेय. तू दारात येईपर्यंत ते धूड मेल्यासारखं पडलं होतं. मी काय हौस म्हणून स्वेटरवर स्वेटर चढवून बसलेय?

मेकॅनिक : पहिल्या खेपेला आले, चालू होतं. दुसऱ्या खेपेला आले, चालू होतं. आज तिसरी खेप. ऑफिसात मला आता 'हात लावीन तिथे ऊब' म्हणायला लागलेत. साहेब तर म्हणतात, तुला त्या घरचा चहा आवडलेला दिसतोय.

काकू : चहा ठेवतेच आहे. पण आज त्या धुडाचा सोक्षमोक्ष लावल्याशिवाय तू इथून हलायचं नाहीस. संध्याकाळी लेक येतेय, बाळाला घेऊन. बाळ पहिल्यांदाच येतंय या घरात. सकाळी फोनवर स्पष्ट म्हणाली, "आई, घर गार असलं तर मी उंबऱ्यावरूनच परत फिरेन. एवढ्याशा जिवाला गारठ्यात ठेवणार नाही."

मेकॅनिक : तिचं बरोबरच आहे.

काकू : तिचं बरोबर, तुझं बरोबर, त्या धुडाचंही बरोबर. चूक काय ती आमच्या हाडांची.

काका : मी सांगतो काय होतंय ते. मुली, या यंत्राला प्रेक्षक लागतात.

मेकॅनिक : काका, हे अंगावर काय गुंडाळलंय?

काका : पडदा. अस्सल मखमल. नाट्यगृहात दिवे सांभाळण्यात माझा उभा जन्म गेला. ते बंद पडलं तेव्हा निघताना दोन वस्तू मागून घेतल्या. त्यातली ही एक.

मेकॅनिक : आणि दुसरी?

काकू : मुली, त्या गृहस्थांना सांग, पुराणं नकोत. वेळ नाही.

मेकॅनिक : काका, काकू म्हणतायत की...

काका : ऐकू आलं. त्या बाईंना सांगा, हे पुराण नाही, निदान आहे. परवा काय झालं? तो आला... पाकिटं घेऊन येतो तो... अरे, तो... काय म्हणतात त्याला...

मेकॅनिक : काकू, कोणाबद्दल बोलतायत काका?

काकू : मला माहीत आहे. पण मी सांगणार नाही. मी आता प्रेक्षकांत बसते.

मेकॅनिक : कुरिअरवाला?

काका : कुरिअरवाला! तो दारात आला आणि ताबडतोब यंत्र सुरू. काल शेजारीण आली, सुरू. आज तुम्ही आलात, सुरू. आणि आम्ही दोघंच असलो की बंद. माणसं आली की खेळ, माणसं गेली की अंधार. यापरता आणखी काय पुरावा पाहिजे?

मेकॅनिक : काका, मशीनला डोळे नसतात.

काका : नटालाही समोरचं काही दिसत नसतं. मीच टाकलेला उजेड असतो ना त्याच्या डोळ्यांत. पण माणसं आहेत की नाहीत, ते त्याला बरोबर कळतं.

मेकॅनिक : एक विचारू? तुम्हा दोघांचं बोलणं बंद आहे का?

काकू : छे.

काका : छे, छे.

मेकॅनिक : बरं. मग मी जरा उजळणी करते. पहिल्या खेपेला मी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटचे सेल बदलले. दुसऱ्या खेपेला अख्खा थर्मोस्टॅट बदलला आणि सांगून गेले, आता कशालाही हात लावू नका.

काका : लावला नाही. मेन स्विचलासुद्धा नाही. खेळ चालू असताना मेन बंद करायचा नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम.

मेकॅनिक : खरं सांगू का, मला संशय वेगळाच होता. मी रिपोर्टात लिहिलंय, 'घरातील एक व्यक्ती मशीन गुपचूप बंद करत असावी.'

काकू : कोण व्यक्ती?

मेकॅनिक : नाव नाही लिहिलं.

काका : मी ओळखली.

काकू : मुली, त्या गृहस्थांना सांग, मला बंद करायचंच असतं तर मी आधी त्यांचा तो टीव्ही बंद केला असता.

मेकॅनिक : ठरलं. आज मी इथेच बसणार. पडू दे बंद, माझ्या डोळ्यांदेखत. मग बघते.

काकू : बस. मला मेलं ते धूड पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. बाहेर बर्फ पडलाय, आणि हे म्हणे बाहेरच्याच हवेतून ऊब ओढून घरात आणणार. रिकाम्या खिशातून चिल्लर काढण्यातला प्रकार.

मेकॅनिक : असते काकू, गार हवेतही थोडी ऊब असतेच. ती गोळा करून आत आणायची, एवढंच त्याचं काम. हे कोणासाठी विणताय?

काकू : बाळाचं टोपडं.

मेकॅनिक : केवढं मोठं आहे!

काकू : आधी बाळाच्याच मापाचं होतं. पण घर गार, हात गार, बोटं थांबवली की आखडतात. म्हणून विणत राहिले. आता जावयाला होईल.

काका : त्या बाईंना सांगा, मला झालं तरी चालेल.

काकू : त्या गृहस्थांकडे पडदा आहे.

मेकॅनिक : थांबा. ऐका.

काका : काय?

मेकॅनिक : काहीच नाही. तेच म्हणतेय. पंखा थांबला. सरका, सरका, मला जिन्याखालचं कपाट उघडू द्या! हा बघा, बोर्डावरचा लाल दिवा लुकलुकतोय. अगं माझे बाई, अखेर सापडलीस!

काकू : काय सापडलं? पिकासारखी मर लागली का त्याला?

मेकॅनिक : मर नाही, रुसवा. बाहेरच्या युनिटमधून या बोर्डाला सतत निरोप येत असतो, 'इकडे ठीक आहे, इकडे ठीक आहे.' तो निरोप मध्येच तुटला की बोर्ड घाबरून थांबतो. परत सुरू होतो, परत तुटतो. असं लागोपाठ झालं की तो हाय खातो आणि बसून राहतो. मग त्याची वीज काढून परत दिल्याशिवाय उठत नाही.

काकू : कुठल्या घरातून शिकला कोण जाणे.

मेकॅनिक : आता गंमत अशी, की मी येते तेव्हा हा लाल दिवा कधीच लागलेला नसतो. त्याला विचारावं तर म्हणतो, 'झालंय काय? मी तर मजेत आहे.' काका, हे मीटर धरा. चिमटे मी लावलेत, तुम्ही फक्त आकडा बघायचा. चोवीस व्होल्ट आहेत ना?

काका : चोवीस. स्थिर. खणखणीत.

मेकॅनिक : मी बाहेरचं युनिट बघून येते. आकडा हलला तर ओरडा.

काका : ओरडणं माझ्या रक्तात नाही. मी उजेडवाला माणूस. ओरडण्याचं काम प्रॉम्प्टरचं.

काकू : मुली, सांग त्यांना. प्रॉम्प्टर ओरडत नाही. प्रॉम्प्टर कुजबुजते.

मेकॅनिक : म्हणजे काकू, तुम्हीसुद्धा नाटकात?

काकू : त्याच नाट्यगृहात. विंगेत पुस्तक घेऊन बसायचे मी. नट अडला की हळूच ओळ द्यायची. भलेभले अडायचे. पण आभार मानायचे हो ते, भांडायचे नाहीत.

मेकॅनिक : आलेच मी.

काका : मीटरसाहेब.

काकू : कोणाशी बोलतंय कोण?

काका : मीटरसाहेब, त्या बाईंना सांगा, दार वाऱ्याने ओढलं गेलंय. ती पोर बाहेर अडकणार.

काकू : मीटरसाहेब, त्या गृहस्थांना सांगा, मला दिसतंय. पण माझ्या मांडीवर लोकर आहे, आणि ते रिकामे बसलेत.

काका : रिकामा? मला चोवीसवरून नजर काढायची नाही, असा हुकूम आहे. मीटरसाहेब, तुम्हीच काय ते बोला.

काकू : बोलतील कसे? तेही विराम घेत असतील.

काका : टोमणा कळला!

घंटा : ठण्! ठण्! ठण्!

काका : पडला! आकडा पडला! चोवीसचे नऊ झाले! अगं ए, नऊ! आणि... परत चोवीस!

काकू : ऐका, पंखा फिरला. गरम हवा!

काका : प्रेक्षक आला! मी म्हणत नव्हतो?

काकू : आधी दार उघडा. प्रेक्षक बर्फात उभा आहे.

मेकॅनिक : हुश्श. दार लागलं होतं, म्हणून बेल दाबली. केवढी हो तुमची बेल, मीच दचकले. सापडली बिघाडाची जागा! बाहेर सेन्सरची वायर तांब्याच्या पाइपावर घासून पार सोलली गेलीय. पंखा फिरला की ती हलते, निरोप तुटतो. पण... मशीन चालू कसं झालं?

काका : आकडा पडला, वर आला, यंत्र सुरू.

मेकॅनिक : कधी पडला?

काका : तुमचा प्रवेश झाला तेव्हा.

मेकॅनिक : प्रवेश झाला तेव्हा, की मी बेल वाजवली तेव्हा?

काका : आमच्याकडे घंटा झाल्याशिवाय प्रवेश होत नाही.

मेकॅनिक : काकू, जरा बाहेर जाऊन ते बटण दाबा ना. काका, दोघं मिळून बघू.

घंटा : ठण्! ठण्!

काका : नऊ! नऊ!

मेकॅनिक : काका. ही बेल...

काका : बेल नव्हे. घंटा. नाट्यगृहाची घंटा. तुम्ही मघाशी दुसरी वस्तू विचारलीत ना, ती ही. बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेलासुद्धा ऐकू जायची.

मेकॅनिक : तिला वीज कुठून दिलीय?

काका : आधी तिचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर होता. तो जळाला. त्याच सुमारास हे यंत्र बसवलं. मी सहज कपाट उघडलं, तर जिन्याखाली एक नवाकोरा ट्रान्सफॉर्मर, अगदी रिकामा बसलेला. म्हटलं, चोवीस व्होल्ट त्याचे, चोवीस व्होल्ट हिचे. पत्रिका जुळली.

मेकॅनिक : रिकामा नाही हो! त्याच्यावर मशीनचं डोकं चालतं! अख्खा बोर्ड त्याच्या जिवावर आहे!

काका : जोडणी बघा की पण. लाल पट्टी, काळी पट्टी. एक तार इकडची तिकडे दिसणार नाही.

मेकॅनिक : जोडणी सुंदर आहे. म्हणून तर मला दिसली नाही. मला वाटलं, कंपनीतूनच तशी आलीय.

काका : ऐकलंत, बाई? कंपनीतून आल्यासारखी!

मेकॅनिक : हे कौतुक नव्हतं, काका! तुमची घंटा एवढी खादाड, की ती वाजली की सगळी वीज तीच पिते. बोर्ड क्षणभर उपाशी. मग वीज परत आली की तो झोपेतून उठल्यासारखा सगळं विसरलेला असतो. बिघाड विसरतो, रुसवा विसरतो, लाल दिवा विसरतो, आणि कामाला लागतो. म्हणजे दर खेपेला मी दारात उभी राहून बटण दाबते आणि स्वतःच्या हाताने पुरावा पुसून आत येते! वर साहेबांना सांगते, तिथे काही बिघाडच नाही!

काकू : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मेकॅनिक : मी बंब घेऊन थर्मोस्टॅटवर चढले होते, काकू.

काका : थोडक्यात, विसरणं तब्येतीला चांगलं असतं.

काकू : मीटरसाहेब, यावर काही म्हणाल?

मेकॅनिक : पण एक कोडं उरतंच. बाहेरची वायर काही आज घासलेली नाही, चांगली जुनी जखम आहे. मग मागचा हिवाळा मशीन बिनबोभाट कसं चाललं? दिवसभर तुमच्याकडे माणसांची रीघ लागलेली असते का?

काकू : रीघ कसली. शेजारीण येते, तीही साखर मागायला.

मेकॅनिक : मग घंटा वाजवतं कोण? एक मिनिट. घंटेपासून ही एक वायर दाराकडे जाते. आणि ही दुसरी? ही भिंतीच्या कडेने... इथून... स्वयंपाकघरात? काकू, ओट्याजवळ हे बटण कसलं आहे?

काकू : अजून घोटभर चहा घेतेस?

मेकॅनिक : काकू.

काकू : जुनं आहे ते.

मेकॅनिक : वरचा रंग दाबून दाबून गेलाय. धूळ मात्र नाही.

काका : सांगून टाका म्हणावं. ती त्या बाईंचीच खासियत आहे, दुसऱ्याची गोष्ट सांगून टाकण्याची.

काकू : मी नाही सांगत. माझं पुस्तक मिटलंय.

काका : ठीक. मग मी सांगतो. मी वरच्या खोलीत असतो, माझे जुने दिवे पुसत. हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून आमच्याकडे जेवणाला तीन घंटा होतात. पहिली घंटा झाली की हात धुवायचे. दुसरी झाली की जिना उतरायचा. तिसरी घंटा झाली की ताट वाढलेलं असतं. त्यानंतर येणाऱ्याला प्रवेश नाही.

मेकॅनिक : आणि चहाला?

काका : चहालाही. नियम म्हणजे नियम.

मेकॅनिक : म्हणजे दिवसभर ठणठण चालू. मशीन रुसतंय, तोवर काकूंनी घंटा दिली, उठलं. परत रुसतंय, चहाची घंटा, उठलं. तुम्हाला पत्ताच नाही, मशीनलाही नाही! आणि या बटणावरून घंटा शेवटची कधी दिलीत, काकू?

काकू : शनिवारी रात्री.

मेकॅनिक : आणि मशीन बंद कधीपासून पडतंय?

काका : रविवारपासून.

मेकॅनिक : मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, घरात काही बदल झालाय का? तुम्ही दोघंही 'नाही' म्हणालात! एका सुरात!

काकू : एका सुरात म्हणालो होतो का?

मेकॅनिक : रविवारी काय झालं? सांगा. आता हे तुमचं घरचं प्रकरण राहिलेलं नाही, हा सिस्टिममधला बिघाड आहे.

काका : रविवारी आम्ही व्याह्यांकडे गेलो होतो. बाळाला बघायला. माणसं जमली होती. व्याही म्हणाले, तुमची ती मेलेल्या राजाची गोष्ट सांगा. माझी हुकमी गोष्ट! जिथे सांगितली तिथे माणसं हसून लोळलीत. मी रंगात आलो. शेवटची ओळ तोंडाशी आली. मी थांबलो. विराम घेतला. सगळे कानात प्राण आणून बसलेले. आणि या बाईंनी तिकडून, मोठ्याने, शेवटची ओळ सांगून टाकली!

काकू : विराम नव्हता तो. ते विसरले होते.

काका : विराम!

काकू : मुली, आयुष्यभर विंगेत बसलेय मी. विराम घेणाऱ्याचे डोळे पुढे बघतात, विसरलेल्याचे वर जातात. यांचे डोळे छताला लागले होते. आणि विहीणबाई माझ्याकडे बघत होत्या, असं... असं कीव आल्यासारखं. मला ते बघवेना. म्हणून दिली ओळ. माझं काय चुकलं?

काका : सगळे हसले. पण गोष्टीला नाही.

काकू : मग गाडीत म्हणाले, "यापुढे माझ्या तोंडातला एकही शब्द काढून घ्यायचा नाही." मी म्हटलं, बरं. नाही काढणार. आणि घंटाही नाही देणार. तीही एक प्रकारे आठवणच करून देणं झालं ना? जेवायची वेळ ज्याची त्याने लक्षात ठेवावी.

मेकॅनिक : मग जेवण?

काका : ओट्यावर झाकून ठेवलेलं असतं. मी वर नेऊन खातो.

मेकॅनिक : गार?

काका : सगळंच गार.

मेकॅनिक : मी रिपोर्टात लिहू काय? बिघाडाचं कारण : विराम?

काकू : विसर लिही.

मेकॅनिक : 'ग्राहकांत मतभेद' लिहिते. काका, आता मेन बंद करतेय. ओरडू नका. खेळ संपला नाही, मध्यंतर आहे. वायर बदलते, पाइपापासून लांब बांधते, आणि गाडीत छोटा ट्रान्सफॉर्मर पडलाय, तो घंटेला स्वतंत्र लावून देते. घंटेचा संसार वेगळा, मशीनचा वेगळा.

काकू : आणि लेक यायच्या आत ऊब येईल ना घरात?

मेकॅनिक : आणते. तुम्ही फक्त टोपडं आवरतं घ्या.

काका : मीटरसाहेब गेले वाटतं.

काकू : चिमटे काढून नेले तिने.

काका : मग आता...

काकू : मग आता काय?

काका : काही नाही. लोकरीचा गुंडा खाली पडलाय. हा घे.

मेकॅनिक : झालं! मेन चालू. बघा, हिरवा दिवा. आता ही सिस्टिम अशी चालेल, की घंटेची गरजच नाही. वाजवा, नका वाजवू, मशीनला पत्ता लागणार नाही.

काकू : म्हणजे जेवायला बोलावलं नाही तरी चालेल?

मेकॅनिक : मशीनला चालेल.

काका : यंत्राला चालेल.

मेकॅनिक : आता मी अजून थोडा वेळ बसणार. आज माझ्या समोर बंद पडलं नाही तरच जाणार, नाहीतर साहेब मला इथेच दत्तक देतील. काका, ती राजाची गोष्ट सांगा ना तोवर.

काका : नको.

मेकॅनिक : का?

काका : तिला माहीत आहे ती.

काकू : मी स्वयंपाकघरात जाते हवं तर.

काका : नको. बस. बसू दे तिला. तर मुली, ऐक. नाटकाचा शेवटचा प्रवेश. राजा रणांगणावर पडलाय, राणीचा शोक आटोपलाय. आता मी हळूहळू दिवे मंद करायचे आणि पडदेवाल्याने पडदा टाकायचा. मी खटका ओढला. अडकला! दिवे लख्ख! मी पडदेवाल्याला खूण केली, तर तो दोरीला टेकून घोरतोय. राणी दोनदा रडून बाहेर निघून गेली. मेलेला राजा एकटा स्टेजवर. हिवाळ्याचे दिवस, अंगावर पातळ झिरझिरीत कापड, खाली गार फळ्या. प्रेक्षक बघतायत. राजा मेलाय. राजा मेलेलाच आहे. राजाच्या अंगावर काटा आलाय.

मेकॅनिक : अरे देवा!

काका : कोणी शिंकत नाही, कोणी खोकत नाही. अख्खं नाट्यगृह चिडीचूप. आणि तेवढ्यात मेलेल्या राजाने एक डोळा उघडला. मान वर केली. विंगेकडे बघितलं. आणि तो म्हणाला... तो म्हणाला...

(बराच वेळ फक्त पंख्याची घरघर ऐकू येते.)

मेकॅनिक : काय म्हणाला?

काकू : थांब गं. विराम आहे.

काका : नाही गं.

काकू : असू दे. घ्या तुम्ही, सावकाश.

काका : विराम नाही हा. पुसलं गेलंय. सगळं डोळ्यांसमोर आहे, तो डोळा उघडतोय ते दिसतंय मला. ओळच तेवढी येत नाही. रविवारीही आली नव्हती. सांग ना.

काकू : "पडदा टाका रे..."

काका : "पडदा टाका रे कुणीतरी, मेलेल्याला थंडी वाजतेय!"

मेकॅनिक : अहो काका! अहो... थांबा, चहा नाकात गेला माझ्या! आणि तो पडदा म्हणजे हाच?

काका : हाच! मीच धावत जाऊन दोरी सोडली. धपकन पडला तो राजाच्या अंगावर. आतून आवाज आला, "जग बाबा तू शंभर वर्षं!"

काकू : हे 'शंभर वर्षं' तुम्ही आज नवीन घातलंत.

काका : वाईट आहे?

काकू : चांगलं आहे. राहू दे.

काका : आज हळू सांगितलंस.

काकू : प्रॉम्प्टरने हळूच सांगायचं असतं. त्या दिवशी घाईत माझा आवाज चढला. चुकलंच माझं ते.

काका : मला भीती वाटली गं. आज राजा विसरलो, उद्या...

काकू : उद्याचं उद्या बघू. तो पडदा काढा आता अंगावरचा, घाम आलाय तुम्हाला. लेकीने बघितलं तर म्हणेल, घर गार आहे.

घंटा : ठण्! ठण्! ठण्!

मेकॅनिक : आल्या वाटतं! थांबा, दार उघडायच्या आधी मला मीटर बघू द्या. चोवीस! चोवीसच! हललासुद्धा नाही!

काका : मी उघडतो. मी उघडतो दार. बाळाला आधी मीच घेणार. आणि आत आणता आणता ती राजाची गोष्टच सांगून टाकतो. पण अगं... मध्येच जर...

काकू : सांगा तुम्ही. मी आहे विंगेत.